इकडील हवापाणी मानवते

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १८ नोव्हेंबर १९३४

चि. हिंदुराव यास,

अक्षर ओळखलं असशीलच. तिसरीपर्यंत तुझ्या पाटीवर हेच अक्षर मी गिरवायला काढून देत होतो. अकरा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पत्ता बदलतो आहे एवढंच कळवायचं आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि तू पेठेत येऊन कुलूप बघून माघारी गेलास, असं व्हायला नको.

सिद्धनाथला रेल्वेच्या कचेरीत बढती मिळाली. पोराने सात रस्त्याच्या पलीकडे, रेल्वे लाइनीच्या बाजूला घर घेतलं आहे. चार खोल्या, चारी बाजूंना खिडक्या, पुढे अंगण आणि अंगणाला फाटक. हे सगळं माझ्यापायी. दोन पावसाळे झाले, मला खोकला आहे. डॉक्टरांनी त्याला बजावलं की या गल्लीत ऊन शिरत नाही, भिंतींना ओल आहे, खिडकीखाली उघडं गटार आहे आणि शेजारच्या हातमागांवरचा सुताचा कोंडा दिवसभर उडतो. म्हाताऱ्याला इथून हलवा, नाहीतर पुढचा पावसाळा निघायचा नाही. पोरगा घाबरला. बापासाठी एवढं करणारी मुलं किती असतात सांग. सून रंभा पण गुणाची आहे.

डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. गल्ली घाणेरडीच आहे, मी एकतीस वर्षं तिला नावं ठेवत आलो. तरी आज सामान बांधताना घरमालक बसलिंगप्पा खालचं भुसाराचं दुकान सोडून जिन्यात येऊन बसला आणि त्याची थोरली बहीण ईरम्मा तर रडायलाच लागली. ईरम्माला तू पाहिलं आहेस, आईच्या वेळी.

आईचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. स्मशानातून परत येताना तू चारचौघांत म्हणालास, "दादा, तू आईला हितं कोंडून मारलीस." तेव्हा सांगितलं तेच आताही सांगतो. तिच्या पायांना सूज होती, गावात डॉक्टर नव्हता, म्हणून मी तिला इथे आणली. तिची तीन कार्डं तुझ्याकडे आहेत. तिने सांगितली, मी लिहिली. प्रकृती उत्तम आहे, इकडील हवापाणी मानवते, माझी काळजी करू नये, असं तिनेच तुला कळवलं होतं. पेटीतून काढून पुन्हा वाच. मला वाद वाढवायचा नाही.

नवा पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर धाडलं नाहीस तरी चालेल.

कुंडलिक


रेल्वे लाइन, सोलापूर
ता. १६ डिसेंबर १९३४

चि. हिंदुराव यास,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं.

घर उत्तम आहे. सकाळचं ऊन थेट अंथरुणावर येतं. खोकला पंधरा दिवसांत कमी झाला, आता जवळजवळ नाहीच. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ आहे. पेठेत मी सकाळी कोपऱ्यावरच्या नळावर लहान घागर घेऊन दोन खेपा करायचो, रांगेत अर्धा तास जायचा, बायकांची भांडणं सोडवावी लागायची. ती कटकट गेली. मग ईरम्माच्या चुलीतून खापरीत विस्तव आणायचो. आगकाडी परवडत नव्हती असं नाही. पण आमच्या ओळीत पहाटे तिची चूल आधी पेटते आणि बाकीचे तिच्याकडून निखारा नेतात, ही तिथली जुनी रीत आहे. इथे रंभाने स्टोव्ह घेतला आहे. फुर्र झालं की चहा तयार.

पेपर मी पूर्वी बसलिंगप्पाच्या ओट्यावर मोठ्याने वाचायचो. ऐकायला सात-आठ डोकी असायची, त्यातली निम्मी कानडी नाहीतर तेलुगू. मराठी किती कळायचं कोण जाणे, पण मध्येच थांबलो तर ओरडायची. आता मी मनात वाचतो. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

पत्रं लिहून द्यायचं कामही सुटलं. रोज दुपारी कुणीतरी कार्ड घेऊन यायचं. बाया वाटेल ते सांगायच्या, नवऱ्याला शिव्या, सासूचे छळ, पोटदुखी. मी त्यातलं नको ते गाळून, सुवाच्य आणि समाधानाचं पत्र करून द्यायचो. शाळेत बत्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं, सिद्धनाथलाही. पत्राची सुरुवात खुशालीने करावी, शेवटही खुशालीने करावा, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागेल असं काही घालू नये. माझ्या हातच्या पत्राने कुणाच्या घरी रडारड झाली, असं कधी घडलं नाही.

शेजारी एक गार्डसाहेब राहतात. त्यांच्याकडे कुत्रं आहे. साहेब सकाळी टोपी उचलतात, मी हात जोडतो. पलीकडच्या घराच्या पाटीवर नाव आहे, माणूस अजून दिसलेला नाही.

एकंदर झकास आहे. काळजी नसावी.

कुंडलिक


रेल्वे लाइन, सोलापूर
ता. २२ जानेवारी १९३५

हिंदुराव,

पोस्टमनला आता विचारणं सोडलं आहे.

परवा मोरीत जाताना पडलो. लागलं नाही. पाय घसरला नव्हता, गुडघ्यांनीच दगा दिला. डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, छाती अगदी साफ आहे, हवा मानवली. मग वजन का उतरलं, भूक कुठे गेली, दिवसा झोप आणि अंगात त्राण का नाही, ते त्यांना सांगता येईना. एक बाटली देऊन गेले. कडू आहे.

रंभा मला कशालाच हात लावू देत नाही. तांब्या उचलला तरी, "मामंजी, तुम्ही बसा." अंगणात पडलेला पाचोळा उचलायला वाकलो तरी, "मामंजी, तुम्ही बसा." तिच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण बसून बसून माझे पाय बसायचंच काम करायला शिकले. मागच्या आठवड्यात एक दिवस गंमत म्हणून दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द मोजले. एक्केचाळीस भरले. त्यातले नऊ कुत्र्याशी.

भोगीच्या दिवशी ईरम्मा टांगा करून आली. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. फाटकातूनच ओरडली, "ऊटा आतेनु, मास्तर?" म्हणजे जेवलात का. पेठेत हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा तरी कुणी ना कुणी विचारायचं. त्या वेळी वैताग यायचा. त्या दिवशी मात्र फाटकाची कडी काढता काढता मी रडलो. पासष्टीच्या माणसाने जेवलास का म्हटल्यावर रडावं, हे तुला हसण्यासारखं वाटेल. दोन भाकरी खाल्ल्या. रंभा बघत राहिली.

ईरम्मा माझ्याकडे बराच वेळ निरखून बघत होती. मग म्हणाली, "मास्तर, तुमची आई असंच बसायची की. भिंतीकडं तोंड करून. तवा मला मराठी येत न्हवतं. ती रोज सांगायची, मी रोज मान हलवायची. एकच शब्द कळला बघा, गाव. गाव, गाव म्हणायची."

म्हाताऱ्या बायकांना काहीतरीच आठवतं. आईला आमच्या घरी काही कमी नव्हतं, तुझ्या कै. वहिनीने तिला हातात पेला दिला नाही असा दिवस गेला नाही. तू ईरम्माचं बोलणं मनावर घेऊ नकोस. मला वाटलं म्हणून लिहिलं.

कुंडलिक


रेल्वे लाइन, सोलापूर
ता. ३ मार्च १९३५

हिंदू,

या पाकिटात दोन कागद आहेत. एक सिद्धनाथच्या हातचा आहे, तो आधी वाच.

वाचलास? आता हा वाच. ओळी वाकड्या आल्या असतील. डोळ्यांत मोतीबिंदू पिकतो आहे, भिंग धरून लिहितो आहे, एकेका ओळीला डोळे पुसावे लागतात.

डोळ्यांमुळेच गेल्या रविवारी सिद्धनाथला म्हटलं, काकाला पत्र लिहायचं आहे, तू लिही, मी सांगतो. तो आनंदाने बसला. मी सांगितलं ते असं. मला इथे करमत नाही. जेवण जात नाही, पाय चालत नाहीत. घर चांगलं आहे, मुलगा-सून चांगली आहेत, पण मला शुक्रवार पेठेत परत जायचं आहे आणि सिद्धनाथ ऐकत नाही, म्हणून तू येऊन त्याला सांग. पोराच्या तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. तो मान खाली घालून लिहीत होता. झाल्यावर म्हणाला, "लिहिलं बाबा, मी टपालात टाकतो." मी म्हटलं, दे इकडे, सही मी करतो. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर भिंग लावून वाचलं.

"इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. इकडील हवापाणी मानवते. माझी काळजी करू नये."

हिंदू, मी त्याला रागावलो नाही. संध्याकाळी त्यानेच चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाला, "काकांना उगाच घोर लागला असता. आणि लोक म्हणाले असते, पोराने बापाला सांभाळलं नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटा नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं, आणि शिकवलं कुणी ते तुला ठाऊक आहे.

आईच्या तीनही कार्डांवरचा एक शब्दसुद्धा तिचा नव्हता.

ती स्वयंपाकघराच्या दारात बसून सांगायची आणि मी लिहायचो. तिने सांगितलं होतं ते माझ्या अजून कानात आहे. "हिंदूला लिव्ह. म्हनावं, गाडी घिऊन ये. हितं मला कुनी हाक मारीत न्हाय. समदी तोंडं परकी. माजं जेवान तितं ऱ्हायलंय." तिन्ही वेळा जवळजवळ हेच. गावात ती घराबाहेर पडली की चार दारांतून गोजराकाकी, गोजराकाकी चालायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या शेरडीचा पाय, सगळं तिच्याकडे. इथे ती मास्तरांची आई होती. तिला नाव नव्हतं आणि काम नव्हतं. तिची सूज महिन्यात उतरली होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, आता काही रोग नाही. तरी ती झिजत गेली. मला वाटायचं, रुळेल. मला वाटायचं, थोरल्या मुलाने आईला चार महिन्यांत परत पाठवलं तर गाव काय म्हणेल. म्हणून मी लिहिलं, हवापाणी मानवते.

सिद्धनाथने निदान वाचून दाखवलं नाही. आई म्हणायची, "वाचून दाव." मी कार्ड डोळ्यांसमोर धरायचो आणि तिने सांगितलेलंच वाचल्यासारखं म्हणून दाखवायचो. ती समाधानाने मान हलवायची आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसायची. तुझ्या गाडीची वाट बघायची. पुढे पुढे तिने भिंतीकडे तोंड केलं.

आणि हीच कार्डं मी तुला स्मशानातून येताना पुरावा म्हणून सांगितली. नोव्हेंबरातसुद्धा सांगितली.

क्षमा मागत नाही, ती तुझ्या हातात नाही आणि जिच्या हातात होती ती गेली. मी आईला कोंडून मारलं असं तू म्हणालास ते खरं होतं, एवढं लेखी द्यायचं होतं. मला जायचंय म्हणून तुला बोलावत होतो, ते आता राहू दे. मला बोलावण्याचा हक्क नाही. हे पत्र रंभाच्या हाती न देता मी स्वतः पेटीत टाकणार आहे. पेटी दोन फर्लांग आहे. जमेल.

कुंडलिक


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २८ एप्रिल १९३५

हिंदू,

तू गेल्याला तीन आठवडे झाले. तू आलास तेव्हा मला नीट बोलता आलं नाही आणि तू मुलखाचा घुम्या, म्हणून लिहितो.

फाटकात उभा राहिलास तेव्हा मी ओळखलंच नाही. दोष डोळ्यांचा नाही, पांढऱ्या मिशीचा हिंदू माझ्या डोक्यात कधी नव्हताच. ना नमस्कार ना विचारपूस, सरळ म्हणालास, "दादा, सामान भर." गावाला नेतो आहेस असं वाटलं, आणि इतक्या वर्षांनी तू नेतो आहेस म्हणून मी आलोही असतो. तरी तोंडून निघून गेलं, गावात मला आता ओळखतं कोण? तर म्हणालास, "म्हून तर गावाला न्हाय. तुज्या पेटंत चल."

सिद्धनाथ किती चिडला होता. "काका, डॉक्टर म्हणतात पावसाळा निघायचा नाही!" तू म्हणालास, "हितं तरी निगतोय का? बग की त्याच्याकडं." मग पोरगा खरंच माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, कित्येक महिन्यांनी त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याआधी तो माझ्या छातीकडेच बघत होता. "लोक मला काय म्हणतील," असं तो पुटपुटला, त्यावर तू म्हणालास, "लोकांस्नी म्हनावं, काका लई आडमुठा हाय, ऐकंना." रंभाला त्यातसुद्धा हसू आलं.

आणि मग पेठेत पोचल्यावर बसलिंगप्पाच्या ओट्यावर तू विचारलंस, "आई कुटं बसायची?" मी कोपरा दाखवला. तू तिथे बसलास आणि बंडीच्या खिशातून तीन कार्डं काढलीस. तोंडावर फेकशील म्हणून मी वाट बघत होतो. तू म्हणालास, "मला तवाच ठावं हुतं, दादा. आई जल्मात कदी हवापानी म्हनली न्हवती. पैलंच कार्ड वाचलं आन वळीकलं, ही वळ तुजी हाय."

मी विचारलं, मग आला का नाहीस?

"पेरनी हुती. म्हटलं, उरकू दे, मग जाऊ. दुसरं कार्ड आलं, म्हटलं, एवडा तुकडा ऱ्हायलाय."

आत दुकानात बसलिंगप्पा कुणाला तरी तूर मोजून देत होता. अकरा वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावला आहेस. तू स्वतःवर रागावला होतास आणि ते ओझं उचलवेना म्हणून माझ्या अंगणात आणून टाकलं होतंस. असू दे. त्यातलं जड टोक माझंच आहे, ते माझ्याकडे राहू दे. पण तूही एकट्याने वाहू नकोस.

आता इकडचं. मला पुढची खोली परत मिळाली. सिद्धनाथ एक दिवसाआड कचेरीतून सुटल्यावर येतो, आधी गटाराकडे बघून नाक मुरडतो, मग ओट्यावर बसतो. परवा त्याने मला पेपर वाचून दाखवला. नीट वाचतो, पण थांबे चुकवतो. रंभा डबा धाडते, त्याशिवाय ईरम्माची भाकरी असतेच. नळावरून पहिले दोन दिवस मी अर्धी घागर आणली, तीसुद्धा मध्ये तीनदा टेकून. आता पूर्ण आणतो. टेकायचं राहिलेलं नाही, पण दोन ओट्यांवर लोक थांबवतात म्हणून थांबावं लागतं.

पत्रं पुन्हा लिहू लागलो, भिंगाने. काल ईरम्माने दुधनीच्या लेकीला लिहायला सांगितलं, गुडघे गेले, जावयाचा राग येतो, तुझी आठवण येते, एकदा येऊन जा. मी तसंच्या तसं लिहिलं. वाचून दाखवलं तर ती घाबरली. म्हणाली, "मास्तर, एवढं सगळं घातलं? पूर्वी तर घालत नव्हता." मी म्हटलं, पूर्वी मी चोर होतो. ती हसायला लागली. तिला वाटलं, मी थट्टा करतो आहे.

माझी प्रकृती तुला खरी सांगतो. खोकला परत आला आहे. सकाळी अर्धा तास जातो, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर बसलिंगप्पाच्या दुकानावरून गेले, मला ओट्यावर पाहिलं आणि मान हलवली. भूक आहे. झोप आहे. आज विस्तव आणायला मला जरा उशीर झाला, तर चहा व्हायच्या आत तीन माणसं दारात येऊन मास्तर, मास्तर करून गेली. आईच्या कोपऱ्यात मी कुणाला बसू देत नाही, असं नाही, पण बसणाऱ्याला सांगतो की इथे गोजराकाकी बसायची. पोरंसुद्धा आता तो काकीचा कोपरा म्हणतात.

पावसाळा निघेल की नाही ते मला सांगता येत नाही, आणि निघेल असं मी लिहिणार नाही. मृग लागायच्या सुमाराला एकदा ये. पेरणी असली तरी ये.

तुझा दादा